थळमधील मासळी विक्रेत्या स्त्रियांचे अर्थनियोजन

थळ हे महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील अलिबाग तालुक्यातील, अलिबाग शहराच्या उत्तरेस अरबी समुद्राच्या काठी वसलेले गाव आहे. खांदेरी आणि उंदेरी ही जलदुर्गांची बेटे याच किनाऱ्यासमोर आहेत. गावात कोळी समाजाची वस्ती असून मासेमारी हा तिचा परंपरागत व्यवसाय आहे. कोकणच्या इतर कोळीवाड्यांप्रमाणे येथेही समुद्रावर पुरुष जातात आणि मासळीची विक्री, सुकवणी व त्यातून येणाऱ्या पैशाचा हिशेब स्त्रिया पाहतात. या स्त्रियांचे उत्पन्न रोजचे, अनिश्चित आणि ऋतूवर अवलंबून असते. खर्च मात्र ठरलेल्या तारखांना येतात. या दोहोंचा मेळ घालण्यासाठी त्या बचत, भांडवल, उसनवारी आणि कर्ज यांची जी व्यवस्था लावतात, ती प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

‘हातावर पोट असणे’ हा मराठी वाक्प्रचार अशा कुटुंबांच्या स्थितीचे नेमके वर्णन करतो. त्यात केवळ गरिबी अभिप्रेत नाही. ज्या दिवशी हात चालत नाही त्या दिवशी घरात पैसा येत नाही, असा त्याचा अर्थ आहे. वर्षाची बेरीज पाहता पुरेसे कमावणारे कुटुंबही त्यामुळे जुलै महिन्यात कर्जात असू शकते.

पार्श्वभूमी

थळ परिसरात उत्पन्नाचे दोन प्रकार शेजारी शेजारी नांदतात. राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या सार्वजनिक कंपनीचा खतकारखाना १९८० च्या दशकात थळ येथे सुरू झाला आणि परिसरात मासिक पगाराची घरे वाढली. अलिबाग ते किहीम या पट्ट्यातील बंगले, विश्रामगृहे व दुकाने यांतूनही स्त्रियांना घरकाम, स्वयंपाक आणि साफसफाईची मासिक वेतनाची कामे मिळतात. दुसरीकडे मासळीवर चालणारी घरे आहेत. तेथे पगाराची तारीख नसते. नौकेवरील मिळकत खर्च वजा जाता वाट्यांनी विभागली जाते आणि नौका, जाळी व मनुष्यबळ यांचे वाटे वेगळे धरले जातात. नौका रिकामी परतली तर डिझेल आणि बर्फाचा खर्च तेवढा उरतो.

एकाच घरात हे दोन्ही प्रकार आढळणे आता नवलाचे नाही. सासू मासळीची पाटी घेऊन बाजारात जाते आणि सून महिन्याच्या पगारावर काम करते. पगारदार स्त्रीची ओढाताण महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होते, तर मासळी विकणारीची पावसाळ्यात. त्यामुळे दोघींसाठी बचतीचा एकच उपाय उपयोगी पडत नाही. घरखर्चाविषयीच्या बहुतेक सल्ल्यांत मासिक पगार गृहीत धरलेला असतो आणि पाटीवर पोट असणाऱ्या स्त्रीला तो लागू पडत नाही.

भांडवल आणि मिळकत

किनाऱ्यावर नौका लागल्यावर मासळीचा लिलाव होतो. विक्रेती स्त्री घरच्या नौकेची मासळी विकत असेल तर तिला रोख खरेदी करावी लागत नाही. अनेक स्त्रियांना मात्र लिलावात मासळी विकत घ्यावी लागते आणि त्यासाठी दररोज सकाळी हाती रोकड असावी लागते. मोठ्या नौकांचा बराच माल मुंबईच्या ससून डॉक आणि भाऊच्या धक्क्याकडे जातो. गावात उतरणारी मासळी स्थानिक बाजारात, अलिबागच्या मंडईत आणि आसपासच्या गावांत दारोदार विकली जाते.

या व्यवसायातील सर्वात मोठी जोखीम भाव पडणे ही नसून, भांडवल आणि मिळकत एकाच बटव्यात मिसळणे ही आहे. उदाहरणार्थ, एखाद्या स्त्रीने ३,००० रुपयांची मासळी घेतली, बर्फावर १५०, रिक्षा किंवा टेंपोवर २०० आणि बाजारातील जागेच्या शुल्कावर २० रुपये खर्च केले, तर तिचा एकूण खर्च ३,३७० रुपये होतो. विक्री ३,९०० रुपयांची झाली तर दिवसाची कमाई ५३० रुपये ठरते. पण त्यांतील ६०० रुपयांची मासळी उधारीवर गेली असेल, तर हातात ३,३०० रुपयेच येतात. कागदावर नफा असूनही दुसऱ्या दिवशी तेवढीच मासळी घेऊन विकण्यास ७० रुपये कमी पडतात. त्यातूनच संध्याकाळी तांदूळ, तेल आणि रिचार्ज यांवर ४०० रुपये खर्च झाले, तर दुसऱ्या दिवशीच्या भांडवलाची तूट ४७० रुपयांवर जाते. असे चार-पाच दिवस गेले की पाटी लहान होते. पाटी लहान झाली तरी रिक्षाचे भाडे तेवढेच राहते आणि शेवटी भांडवलासाठी व्याजाने पैसे काढावे लागतात. बाहेरून पाहणाऱ्याला हे कर्ज धंद्यासाठी काढल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात ते घरखर्चाचे कर्ज असते.

यावरचा जुना उपाय म्हणजे दोन बटवे ठेवणे. भांडवलाचे पैसे कमरेच्या पिशवीत आणि घरखर्चाचे वेगळ्या डब्यात. अक्षरओळख नसलेल्या विक्रेतीलाही असा हिशेब वह्यांविना ठेवता येतो. अलीकडे मोबाइलवरील यूपीआय व्यवहारांमुळे या पद्धतीत एक अडचण आली आहे. ग्राहकाने पाठवलेले पैसे थेट बँक खात्यात जातात. ते खाते मुलाच्या किंवा पतीच्या मोबाइलशी जोडलेले असेल, तर दिवसाच्या विक्रीतील मोठा हिस्सा विक्रेतीच्या हातात येतच नाही. उधारी बुडण्याचे प्रमाण यूपीआयने कमी होऊ शकते आणि सुट्या पैशांची कटकटही जाते. मात्र क्यूआर फलक कोणाच्या खात्याचा आहे, हा प्रश्न त्यामुळे कळीचा ठरतो.

वर्षाचे चक्र

महाराष्ट्राच्या सागरी क्षेत्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. हा काळ अनेक माशांच्या प्रजननाचा आणि खवळलेल्या समुद्राचा असतो. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ अन्वये राज्य शासन ही बंदी लागू करते. परंपरेने नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्यानंतर होड्या पुन्हा पाण्यात उतरतात. पौर्णिमा ऑगस्टच्या उत्तरार्धात आली तर उत्पन्नाचा खंड अडीच महिन्यांहूनही लांबतो.

हा खंड खर्चाच्या दृष्टीने नेमका प्रतिकूल वेळी येतो. जूनच्या मध्यास शाळा सुरू होतात आणि वह्या, गणवेश, दप्तरे, छत्र्या यांचा खर्च एकदम येतो. त्याआधी घराच्या छपराची डागडुजी आणि नौका किनाऱ्यावर ओढून शाकारणे हे झालेले असते. बंदीच्या काळात जाळी दुरुस्त करावी लागतात व इंजिनाची कामे निघतात. मासेमारी सुरू होत असताना लागलीच गौरी-गणपती येतात. एप्रिल-मे ही लग्नसराई. म्हणजे मोठा खर्च आणि शून्य उत्पन्न यांची गाठ दरवर्षी जवळपास ठरलेल्या तारखांना पडते. संकट अचानक आले तर कर्ज समजण्यासारखे असते. पण दरवर्षी येणारा पावसाळा अचानक येत नाही, आणि थळसारख्या गावातील आर्थिक नियोजनाचे बहुतेक शहाणपण या एका गोष्टीभोवती फिरते.

सुकी मासळी हा त्यावरचा परंपरागत उपाय आहे. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात बोंबील बांबूंच्या वलांडीवर टांगून, तर जवळा व मांदेली जमिनीवर पसरून वाळवतात. कोकणात पावसाळ्यापूर्वी वर्षभराची बेगमी करण्याच्या खरेदीला ‘आगोट’ म्हणतात. आगोटीच्या बाजारात सुक्या मासळीला मोठी मागणी असते. ओली मासळी त्याच दिवशी विकावी लागते, सुकी मासळी चांगला भाव येईपर्यंत ठेवता येते. या अर्थाने सुकवलेला बोंबील हे एक प्रकारचे बचत खातेच होय. मे महिन्यात त्यातून एकरकमी पैसा येतो आणि उरलेला माल पावसाळ्यात थोडा थोडा विकता किंवा घरात खाता येतो. मात्र हे खाते ऊन, जागा आणि वेळ यांवर अवलंबून असते. अवकाळी पाऊस आला तर वाळत घातलेला माल एका रात्रीत वाया जातो.

बंदीच्या काळासाठी किती साठवावे लागते, याचा अंदाज साध्या भागाकाराने येतो. एखाद्या घराचा मासिक खर्च ९,००० रुपये धरला, तर दोन महिन्यांसाठी १८,००० आणि शाळा व डागडुजीसाठी ६,००० असे २४,००० रुपये लागतात. उरलेल्या दहा महिन्यांत ते विभागले तर महिन्याला २,४०० रुपये होतात. महिन्यात २४ दिवस विक्री होत असेल, तर दररोज १०० रुपये बाजूला काढावे लागतात. २४,००० ही रक्कम अवाक्याबाहेरची वाटते. १०० रुपये मात्र अनेक विक्रेत्यांना चांगल्या दिवशी काढता येतात. अडचण ते काढण्यापेक्षा दहा महिने न मोडता राखण्यात असते. पुढील साधनांचे गुणदोष मुख्यतः याच कसोटीवर ठरतात.

बचतीची साधने

भिशी हे सर्वात प्रचलित साधन आहे. ठराविक स्त्रिया दरमहा किंवा दर आठवड्याला सारखी रक्कम जमा करतात आणि प्रत्येक वेळी जमा झालेली सर्व रक्कम एकीला मिळते. क्रम चिठ्ठ्या टाकून अथवा आपसांत ठरतो. बारा जणींनी दरमहा १,००० रुपये भरले तर प्रत्येकीला एकदा १२,००० रुपये मिळतात. यात व्याज नसते, पण लाभ सर्वांना सारखा होत नाही. जिचा नंबर पहिला, तिला बिनव्याजी कर्ज मिळते. जिचा शेवटचा, ती बिनव्याजी ठेव ठेवत असते. तरीही भिशी टिकते, कारण शेजारणींसमोर हप्ता चुकवण्याची लाज हीच तिची वसुलीयंत्रणा असते आणि घरातील कोणाच्या मागणीला ‘ते पैसे भिशीचे आहेत’ हे उत्तर पुरते. मासळी विक्रेत्यांसाठी बारा महिन्यांची भिशी गैरसोयीची ठरते, कारण जून-जुलैचे हप्तेही भरावे लागतात. नारळी पौर्णिमेनंतर सुरू होऊन मे महिन्यात संपणारी भिशी ऋतुचक्राशी जुळते. भिशीला कायद्याचे संरक्षण जवळजवळ नसते. चिट फंडांसाठी १९८२ चा केंद्रीय कायदा आहे, पण ओळखीपाळखीवर चालणाऱ्या भिश्या नोंदणीकृत नसतात. अनोळखी चालकाची, मोठ्या रकमेची किंवा लिलावाची भिशी बुडाली तर पैसे परत मिळणे दुरापास्त होते.

स्वयंसहायता बचत गट हे भिशीचेच अधिक शिस्तबद्ध रूप मानता येईल, फरक इतकाच की येथे निधी फिरून रिकामा होत नाही, साठत जातो. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गटांपासून बचत गट-बँक जोडणीचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला. महाराष्ट्रात १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) आणि ‘उमेद’ या नावाने ओळखले जाणारे राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान यांच्यामार्फत गटांची बांधणी होते. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि हिशेबाच्या नोंदी ही गटांची पंचसूत्री आहे. अंतर्गत कर्जावर अनेक गट दरमहा शेकडा दोन रुपये व्याज आकारतात. वर्षाला २४ टक्के हा दर बँकेपेक्षा बराच जास्त आहे, पण ते व्याज गटाच्याच निधीत राहते आणि गट फुटला नाही तर सभासदांमध्येच वाटले जाते. गटांची खरी परीक्षा बंदीच्या काळात होते. सर्वच सभासद मासळीवर अवलंबून असतील तर जूनमध्ये सर्वांनाच कर्ज हवे असते आणि परतफेड कोणीच करू शकत नाही. पगारदार, दुकानदार आणि मासळी विक्रेत्या अशा मिश्र गटाला ही अडचण कमी जाणवते.

दररोज थोडी रक्कम गोळा करणारी पिग्मी ठेव विक्रेत्या स्त्रियांच्या मिळकतीशी सर्वात जवळची आहे. सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये कर्नाटकात सुरू केलेली ही पद्धत महाराष्ट्रातील सहकारी बँका आणि पतसंस्थांनी उचलली. प्रतिनिधी बाजारात येऊन पैसे घेतो व नोंद करतो. व्याज कमी असते आणि मुदतीपूर्वी पैसे काढल्यास ते बहुधा मिळत नाही, उलट काही रक्कम कापली जाऊ शकते. टपाल खात्याची पाच वर्षांची आवर्त ठेव दरमहा १०० रुपयांपासून उघडता येते. ती गोळा करण्यासाठी १९७२ पासून महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेखाली स्त्री प्रतिनिधी नेमल्या जातात, त्यामुळे टपाल कार्यालयात जाण्याचा दिवस वाचतो. हप्ता चुकल्यास दर शंभर रुपयांना एक रुपया विलंब आकार लागतो. दोन महिने हप्ते थांबणार हे ठाऊक असलेल्या विक्रेतीने तो आकार आधीच गृहीत धरलेला बरा.

ठेव कोठे आहे यावर तिचे संरक्षण अवलंबून असते आणि हा मुद्दा रायगडमध्ये केवळ सैद्धांतिक नाही. याच जिल्ह्यातील पेण अर्बन सहकारी बँकेतील गैरव्यवहार उघड झाल्यानंतर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले आणि मोठ्या संख्येने ठेवीदारांचे पैसे अडकले. त्यांत लहान ठेवीदारही होते. त्या वेळी ठेव विम्याची मर्यादा प्रतिठेवीदार १ लाख रुपये होती. फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख आहे. हा विमा व्यापारी आणि सहकारी बँकांतील ठेवींना लागू होतो, सहकारी पतसंस्थांतील ठेवींना नाही. दोन्हींच्या पाट्यांवर ‘सहकारी’ हा शब्द असल्याने हा भेद सहसा लक्षात येत नाही. टपाल खात्यातील ठेवींमागे केंद्र शासन असते.

सोने

कोळी स्त्रियांचे ठसठशीत दागिने हा सांस्कृतिक कौतुकाचा विषय आहे. त्यांचे आर्थिक कार्य तेवढे लक्षात घेतले जात नाही. चांगल्या हंगामानंतर घेतलेले सोने अंगावर राहते, तिच्या नकळत कोणाला खर्च करता येत नाही आणि अडचणीत काही तासांत त्याचे पैसे करता येतात. पावसाळ्यात गहाण ठेवून हंगामात सोडवायचे, असा त्याचा क्रम असतो.

यात नुकसान दोन ठिकाणी होते. दागिना घेताना दिलेली घडणावळ मोडताना परत मिळत नाही, म्हणून लहान लहान दागिने वारंवार घेणे-मोडणे तोट्याचे ठरते. दुसरे नुकसान गहाणाच्या व्याजात होते. बँक, बिगरबँक वित्तीय संस्था आणि सावकार यांच्या दरांत मोठा फरक असतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार तारण सोन्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज देता येत असे. २०२५ मधील नव्या निर्देशांनी अडीच लाखांपर्यंतच्या कर्जांसाठी ही मर्यादा ८५ टक्के केली. जास्त रक्कम मिळते म्हणून ती सर्व घेतली, तर दागिना सोडवणे तेवढेच कठीण होते. कर्ज थकून लिलाव झालाच, तर येणे रक्कम वजा जाता उरलेला पैसा कर्जदाराला परत मिळाला पाहिजे. हा हक्क अनेकींना माहीत नसतो.

कर्ज

शेकडा पाच रुपये मासिक दराने २०,००० रुपये घेतले, तर दरमहा १,००० रुपये केवळ व्याजाचे जातात. वर्षाला हा दर ६० टक्के होतो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याविना सावकारी करणे गुन्हा आहे आणि परवानाधारक सावकारांसाठी व्याजाची कमाल मर्यादा शासन ठरवते. जुन्या मुंबई इलाख्यात हिंदू कायद्यातील दामदुपटीचा नियम प्रचलित होता. त्यानुसार एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नसे. कायदे असूनही विनापरवाना उसनवारी चालते, कारण ती रात्री अकरा वाजता, कागदपत्रांशिवाय आणि शेजारच्या घरात मिळते. बँकेच्या कर्जाशी तिची तुलना करताना व्याजदराइतकाच हा वेगही विचारात घ्यावा लागतो.

गेल्या दोन दशकांत सूक्ष्मवित्त संस्थांनी ही जागा मोठ्या प्रमाणात घेतली. त्या सामान्यतः स्त्रियांच्या गटाला तारणाशिवाय कर्ज देतात आणि साप्ताहिक, पाक्षिक किंवा मासिक हप्त्यांनी वसूल करतात. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले तारणरहित कर्ज सूक्ष्मवित्त कर्ज मानले जाते. कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मासिक हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त होता कामा नयेत. मुदतीपूर्वी परतफेड केल्यास दंड घेता येत नाही. वसुलीसाठी सकाळी नऊपूर्वी किंवा संध्याकाळी सहानंतर दूरध्वनी करण्यास मनाई आहे. हप्त्यांचा काळ कर्जदाराच्या गरजेनुसार ठरवण्याची सोय संस्थेच्या धोरणात असावी, असेही निर्देशांत म्हटले आहे. मासेमारी कुटुंबांसाठी ही शेवटची तरतूद सर्वात मोलाची आहे, कारण फेब्रुवारीत सहज भरला जाणारा साप्ताहिक हप्ता जूनमध्येही तेवढाच असतो. तो भरण्यासाठी दुसऱ्या संस्थेकडून कर्ज काढणे ही कर्जाच्या साखळीची नेहमीची पहिली कडी असते.

व्याजाचा दर कसा सांगितला जातो, याकडेही लक्ष द्यावे लागते. १०,००० रुपयांच्या कर्जावर ‘वीस टक्के’ म्हणून १२ महिन्यांत दरमहा १,००० रुपये घेतले, तर मुद्दल दरमहा कमी होत असूनही व्याज पूर्ण रकमेवर आकारले जाते. घटत्या शिलकीवर मोजल्यास हा दर वर्षाला सुमारे ३५ टक्के होतो.

याहून स्वस्त कर्जाचे दार अस्तित्वात आहे, पण ते अरुंद आहे. शेतकऱ्यांसाठीची किसान क्रेडिट कार्ड सुविधा २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मत्स्यव्यवसायासाठीही खुली करण्यात आली आणि मासळी विकणाऱ्या स्त्रियांचे गटही तिच्या कक्षेत येतात. नौका आणि परवाने बहुधा पुरुषांच्या नावावर असतात. पाटी घेऊन बसणाऱ्या स्त्रीकडे आपल्या व्यवसायाचा कागदी पुरावा क्वचितच असतो, त्यामुळे बँकेच्या दृष्टीने ती अनेकदा ‘गृहिणी’ ठरते.

शासकीय साहाय्य

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत (२०२०) बंदीच्या काळासाठी बचत-नि-मदत अशी तरतूद आहे. मच्छीमार १,५०० रुपये भरतो, शासन ३,००० रुपये घालते आणि ४,५०० रुपये बंदीच्या काळात परत मिळतात. वर उदाहरणादाखल काढलेल्या २४,००० रुपयांच्या गरजेशी तुलना करता शासनाचा वाटा एक अष्टमांश होतो. योजनेचे मोल रकमेपेक्षा सक्तीच्या बचतीत अधिक आहे.

२०१४ मध्ये सुरू झालेल्या जनधन योजनेने शून्य शिलकीची खाती दिली. महाराष्ट्र शासनाच्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत (२०२४) अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील २१ ते ६५ वयाच्या पात्र स्त्रियांच्या आधार-संलग्न खात्यात दरमहा १,५०० रुपये जमा होतात. पहिल्या दोन महिन्यांचे ३,००० रुपये ऑगस्ट २०२४ मध्ये, रक्षाबंधनाच्या काही दिवस आधी जमा होऊ लागले. रक्षाबंधन आणि नारळी पौर्णिमा एकाच दिवशी येतात, त्यामुळे किनाऱ्यावरील घरांत हा पैसा हंगाम सुरू होण्याच्या नेमक्या तोंडावर पोहोचला. योजनेच्या राजकीय हेतूंवर आणि राज्याच्या तिजोरीवरील भारावर बरीच चर्चा झाली आहे. अनियमित उत्पन्नाच्या घरासाठी तिचे वैशिष्ट्य असे की हा पैसा समुद्राच्या स्थितीवर अवलंबून नाही आणि तो स्त्रीच्या स्वतःच्या खात्यात येतो.

विम्याचे हप्ते लहान आहेत. प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा वार्षिक हप्ता ४३६ रुपये असून मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा हा अपघाती मृत्यूसाठी तेवढेच संरक्षण २० रुपयांत देतो. दोन्ही हप्ते मेअखेरीस खात्यातून आपोआप कापले जातात. बंदीच्या उंबरठ्यावर खाते रिकामे असेल तर संरक्षण खंडित होते, आणि हे कुटुंबाला बहुधा दावा करायच्या वेळीच कळते.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. टाळेबंदीमुळे त्या वर्षीचा उन्हाळी हंगाम आधीच बुडाला होता. छपरे उडाली, नौकांचे नुकसान झाले, दिवसेंदिवस वीज नव्हती. नेहमीच्या पावसाळ्यासाठी पुरणारी शिल्लक अशा वर्षी पुरत नाही. २०२१ च्या मे महिन्यात ‘तौक्ते’ चक्रीवादळ याच किनाऱ्याजवळून गेले, तेही आगोटीच्या ऐन दिवसांत.

मालकी आणि निर्णय

कोळी स्त्री बाजारात बसते, भाव ठरवते आणि घरची रोकड सांभाळते, म्हणून तिला आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र मानण्याची प्रथा आहे. ती अर्धी खरी आहे. रोजचा खर्च तिच्या हाती असला तरी नौका, इंजिन, घर आणि मोठी कर्जे यांवर तिचे नाव असतेच असे नाही. रोख रक्कम तिच्याकडे आणि मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर, अशी ही विभागणी वैधव्यात किंवा कुटुंब विभक्त होताना तिला महागात पडते.

कायद्याची बाजू तिच्या सोयीची आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम १४ नुसार हिंदू स्त्रीच्या ताब्यातील मालमत्तेची ती पूर्ण मालक असते आणि स्त्रीधन तिचे स्वतःचे मानले जाते. बँक व टपाल खात्यांवर नामनिर्देशन करता येते. नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींसाठी चार व्यक्तींपर्यंत नावे देण्याची मुभा आहे. नामनिर्देशित व्यक्तीला पैसे मिळतात ते स्वीकारण्यासाठी, वारसांचा हक्क त्यामुळे संपत नाही. पतीच्या कर्जाला जामीन राहताना घातलेली सही किंवा अंगठा मात्र पूर्ण जबाबदारी आणतो.

राज्यातील इतर उदाहरणे

मिळकतीची वेळ आणि खर्चाची वेळ यांतील अंतराचा प्रश्न मुंबईच्या गिरणगावातही होता. तेथील खानावळवाल्या स्त्रिया गिरणी कामगारांना महिनाभर जेवण घालत आणि पैसे पगारानंतर मिळत. तोपर्यंत वाणी आणि सावकार यांच्याकडून त्यांना चढ्या दराने उधारी घ्यावी लागे. कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना करून या स्त्रियांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. स्त्रिया तेच काम, त्याच कष्टाने करत राहिल्या. बदल झाला तो महिन्याच्या मधल्या पैशाची किंमत कमी झाल्यामुळे.

सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. प्रवर्तक स्त्रिया निरक्षर असल्याच्या कारणावरून परवान्याचा पहिला अर्ज नामंजूर झाला होता. त्यानंतर त्या लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुन्हा अर्ज केला. कामाचा दिवस बुडवून शाखेत येणे रोजंदारीवरील स्त्रियांना परवडत नसल्याने या बँकेच्या प्रतिनिधी आठवडी बाजारात आणि घरोघरी जाऊन पैसे गोळा करतात.